पडद्याची लाल चिंधी

माझा नवरा कचऱ्याच्या गाडीवर होता. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी कोणाच्या कानात कुजबुजायला नको. गाडी म्हणजे आत्ताची ती काचबंद केबिनची लॉरी नव्हे. दोन चाकांची हातगाडी, पुढे दांडा, दांड्याला पितळी घंटा. ओढणारे हे, आणि ढकलणारं कोणी नाही. सकाळी गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली की बायका बादल्या घेऊन दारात हजर. मी शाळेत गेले ती पाटी फुटेपर्यंत. पाटी फुटल्यावर बापाने दुसरी आणली नाही आणि मीही मागितली नाही. पण घंटेच्या आवाजावरून यांचं त्या दिवशी कसं चाललंय ते मला घरात बसून वाचता यायचं. खूश असले की घंटा उगाच दोनदा जास्त वाजायची. चिडले असले की एकच ठोका, तोही कडक.

आमचं निम्मं घर त्या गाडीवरून आलेलं. लोक काय काय टाकतात! आमच्या खुर्चीचे तीन पाय सख्खे आणि एक सावत्र. आरशाचा कोपरा गेलेला, तर आपण तेवढ्या कोपऱ्यात बघायचं नाही, झालं. बसायच्या खोलीला लाल मखमली पडदा होता, बंद पडलेल्या एका सिनेमा थिएटरातला. तो इतका मोठा होता की खिडकी झाकून, दार झाकून, वर गादीखाली घडी करून ठेवायला उरला. शेजारणी म्हणायच्या, तुमच्याकडे आलं की आता पिक्चर सुरू होईल असं वाटतं. मी म्हणायचे, बसा, सुरूच आहे, आणि तिकीटही नाही.

दुपारी हे घरी यायचे. बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, साबण संपेपर्यंत. मग चहा घेता घेता गल्लीची खबर. "मास्तरीणबाईंकडे पाहुणे उतरलेत. शिंप्याने तंबाखू सोडली म्हणतो, पण डब्या निघतात." लोक तोंडाने काहीही सांगोत, बादली खोटं बोलत नाही, असं यांचं म्हणणं. पण एवढं ठाऊक असून बाहेर एक शब्द काढला नाही कधी. बाहेर बोलायला मी होते ना. पण मीसुद्धा ते सगळं पोटात ठेवलं, हे मात्र मानायला लागेल.

एका दुपारी घंटा वाजलीच नाही. हे आले ते हात पोटाशी धरून. सदऱ्यावर हा एवढा डाग. कोणीतरी पाल्याच्या पिशवीत फुटका कंदील टाकलेला, आणि यांनी पिशवी खालून हात घालून उचलली.

"कोणाच्या घरची पिशवी?" मी विचारलं.

"असू दे गं. मुद्दाम नाही केलं कोणी. सांगायला विसरले."

"विसरले? तोंड काय फक्त गिळायला दिलंय त्यांना?"

टाके पडले. जखम भरली, पण अंगठ्यातली पकड गेली ती गेलीच. दांडा बोटांत धरता यायचा, पण सदऱ्याचं बटण लागेना. तेव्हापासून यांची बटणं मी लावली, शेवटपर्यंत. हे मान वर करून उभे राहायचे, शहाण्या पोरासारखे, आणि मी खालपासून वर एकेक बटण लावत दिवसभराची गाऱ्हाणी सांगून घ्यायचे. बटणं लागेपर्यंत पळता येत नसे ना. यांना घाई असली की म्हणायचे, "आज वरचं एक राहू दे." म्हणजे तेवढी गाऱ्हाणी कमी.

तर ते टाके ओले असतानाच मी गादीखालचा पडदा काढला आणि कात्री चालवली. लांब लांब चिंध्या केल्या, टोपलीत भरल्या आणि गल्लीतल्या एकेका दाराची कडी वाजवली. "ज्या पिशवीत, बादलीत काच असेल तिला ही बांधायची. लाल दिसली की यांचा हात जपून जाईल. नाही बांधलीत, तर उद्यापासून कचरा न्यायला हे नाही, मी येईन." या शेवटच्या वाक्याचा उपयोग जास्त झाला.

मास्तरीणबाईंनी दारातच मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लाल फिती वाटत सुटलीस ती? कसलं उद्घाटन आहे?"

"अकलेचं," मी म्हटलं. "तुमच्यापासूनच सुरू करू."

त्या हसल्या. पण बांधली हो त्यांनी. हळूहळू सगळ्यांनी बांधली. हे चिंध्या सोडवून खिशात भरून आणायचे, मी धुऊन दोरीवर टाकायचे, आणि वाळल्या की पुन्हा घरोघरी. आमच्या दारात ती लाल रांग वाऱ्यावर हलायची तेव्हा नवीन माणसाला वाटायचं, इथे काहीतरी विकतात. पोरीबाळी मला हाक मारून सांगायच्या, "काकू, आमची चिंधी संपली!" त्या गल्लीत मीठ संपलं तर लोक दुकानात जायचे आणि चिंधी संपली तर माझ्याकडे. यांच्या हाताला त्यानंतर काच लागली नाही. एकदाही नाही.

मग दिवस पालटले. हातगाडी गेली, ट्रॅक्टर आला. हे निवृत्त झाले तेव्हा घंटा कार्यालयात जमा करून घेतली. मी म्हटलं, ती ठेवून घ्यायची होती की मागून. तर म्हणाले, "सरकारी आहे." अख्ख्या जन्मात काही फुकट मागितलं असेल तर शपथ. ट्रॅक्टर गेला आणि लॉरी आली, आणि त्याच सुमाराला हेही गेले. मास्तरीणबाई लेकीकडे राहायला गेल्या, शिंप्याचं दुकान विकलं गेलं, नवी माणसं आली. चांगली आहेत, पण दार लावून घेतात.

आताच्या लॉरीला लोखंडी हात आहे. लॉरी डब्यापाशी थांबते, हात पुढे येतो, डबा उचलून उपडा करतो, पुन्हा ठेवतो. ड्रायव्हर खाली उतरत नाही. त्याचं तोंडही मी बघितलेलं नाही. प्रत्येक घराला चार डबे दिलेत: एक ओल्याचा, एक कागदाचा, एक काच आणि पत्र्याच्या डब्यांचा, आणि एक उरलेल्या सगळ्याचा. आमच्या सूनबाईने डब्यांवर चित्रं काढून लावली, कोणासाठी ते मला कळलं. केळ्याचं चित्र बरं काढलंय.

पण चिंधी मी सोडली नाही. बरणी फुटली, पेला फुटला, की कागदात गुंडाळायचा, वरून लाल चिंधी बांधायची आणि काचेच्या डब्यात टाकायचा. पडदा संपता संपत नव्हता. सगळ्या गल्लीत आता एक आमचंच घर बांधत होतं. घंटा गेली, गाडी गेली, माणूस गेला. यांच्या कामातलं म्हणून माझ्याजवळ राहिलं होतं ते हे एवढंच, आणि ते चालू ठेवायचं मी मनाशी पक्कं केलं होतं.

या उन्हाळ्यात नवीन तपासणी सुरू झाली. लॉरीच्या पुढे एक जण सायकलवरून येतो, झाकणं उघडून बघतो, आणि त्याला आवडलं नाही की डब्यावर पिवळा कागद चिकटवतो. पहिला कागद आमच्या डब्यावर लागला तेव्हा मला वाटलं, बक्षीस आहे. अक्षर अक्षर लावून वाचलं: "मिसळलेला कचरा. हा डबा उचलला जाणार नाही." आणि खरंच लॉरी आमच्या डब्यावरून पुढे निघून गेली. भरलेला डबा आठवडाभर दारात, कपाळाला तो पिवळा कागद. येणारा-जाणारा वाचतोय. ज्या घरातला माणूस जन्मभर गावाचा कचरा उचलत होता, त्याच घरचा डबा नापास!

दुसरा कागद लागला तेव्हा सूनबाईने त्या सायकलवाल्याला गाठून विचारलं. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, तुमच्या चिंधीमुळे आहे ते. काचेच्या डब्यात कापड चालत नाही."

"कापड नाही ते. खूण आहे."

"त्यांच्या लेखी कापडच. तिसरा कागद लागला तर डबे काढून नेणार. मग कचरा आपण आपल्या हातांनी गावाबाहेर त्यांच्या शेडमध्ये न्यायचा. कोण नेणार? मी सकाळी कामावर, तुमचे चिरंजीव रात्रपाळी करून झोपलेले."

"मी नेईन."

"कशावर? तुमच्या जिभेवर बसवून?"

माझी सून आहे, म्हणजे जीभ तिलाही असणारच. एरवी मला ते आवडतं. त्या दिवशी नाही आवडलं.

"ज्याला हात आहे त्याच्यासाठी आहे ती चिंधी," मी म्हटलं.

"आई, आता हात नाही लागत कोणाचा. लोखंडाचा आहे तो हात."

मी म्हटलं, "मला त्या शेडमध्ये घेऊन चल. कागद लावणाऱ्यांशी मीच बोलते." तिने माझ्याकडे बघितलं, मग हात जोडले. रजेच्या दिवशी स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेली. मांडीवर माझी पिशवी, पिशवीत चिंध्यांचा गुंडाळा. पुरावा म्हणून घेतला होता. काय काय बोलायचं ते वाटेत मी तिच्या पाठीला ऐकवत होते.

"हळू बोला," ती म्हणाली, "सिग्नलवरचे लोक घाबरतायत."

शेड केवढं तरी मोठं. आत विमान ठेवता येईल. आंबूस वास, सगळीकडे खडखडाट. हेल्मेट घातलेला एक तरुण साहेब पुढे आला. माझ्याही डोक्यावर त्याने एक हेल्मेट ठेवलं, वर म्हणाला, "आजी, छान दिसतंय." पोरगा वाईट नव्हता. लोहचुंबक दाखवलं, पत्र्याचे डबे टपाटप वर जाऊन चिकटतात. हवेचा झोत दाखवला, कागद उडून बाजूला पडतात. "सगळं मशीन करतं. माणसाला त्रास नाही."

"मग ते कोण?" मी विचारलं.

कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा होता. पट्ट्यांपलीकडे माणसं हलताना दिसत होती. साहेबाने डोकं खाजवलं. "ते शेवटचं. मशीनच्या नजरेतून सुटतं ते हाताने वेचायला लागतं."

हाताने! मी सूनबाईकडे असं बघितलं की तिने नजर दुसरीकडे वळवली. मी बोललेच होते. लोखंडाचा हात पुढे आणि खरा हात मागे लपवलेला. आता माझी चिंधी जिंकली. मी हेल्मेट सावरलं आणि पट्ट्या बाजूला करून आत शिरले.

आत एक लांब पट्टा सरकत होता आणि दोन्ही बाजूंना बायका उभ्या. झपाझप हात. जेवणाची सुट्टी होती बहुतेक, कारण मी आत पाय टाकला आणि पट्टा थांबला. बायकांनी हातमोजे काढले. एक सगळ्यात पुढची होती, चाळिशीची, तिच्या ओठांवर शीळ. मला बघून म्हणाली, "काय मावशी, नवीन भरती का?"

"मला घेतलंत तर तुमच्या साहेबालाच आधी वेचून बाजूला टाकीन," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. जागा आपली वाटली मला.

मी पिशवीत हात घालणार, तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. तिथे खिळ्याला काहीतरी अडकवलेलं होतं. घट्ट वळलेला, काळपट, तेल प्यायलेला एक गोळा, वाटीएवढा. आणि काळपटातून लाल डोकावत होतं. मखमलीचं लाल. मी ते कुठेही ओळखलं असतं.

"हे काय?"

"ही?" ती शीळवाली म्हणाली. "ही आमची लालबाई. कोणत्या घरातून येते देव जाणे. दर थोड्या दिवसांनी हजर. पट्ट्याखाली रूळ आहेत ना, कापड आलं की त्यांच्यात जाऊन गुंडाळतं. मग पट्टा अडतो. मग मशीन बंद करायचं, खाली वाकून हात घालायचा आणि सुरीने कापून काढायचं. बाकी चिंध्या येतात त्या फाटतात तरी. ही फाटतसुद्धा नाही, कसलं राक्षसाचं कापड आहे कोणास ठाऊक! पट्टा अडला की आम्ही म्हणतो, आल्या लालबाई, बसा आता."

"कापताना..." मी म्हटलं.

तिने उजवा हात पुढे केला. पहिलं बोट सरळच्या सरळ, खुंटीसारखं. "गेल्या थंडीत. सुरी सटकली. बरं झालंय आता, फक्त वाकत नाही. वेणी घालता येत नाही, म्हणून हे बघा केस कापले. नवरा म्हणतो हिरॉईन दिसतेस. खोटं बोलतो मेला, पण बोलू दे."

पुन्हा सगळ्या हसल्या. मी नाही हसले. माझा हात पिशवीत होता आणि हाताखाली ती मखमल होती, धुतलेली, स्वच्छ, घडी केलेली. त्या खडखडाटात अचानक मला यांचं तोंड दिसलं, हात पोटाशी धरून दारात उभे होते तसं. आणि वाक्यही ऐकू आलं. मुद्दाम नाही केलं कोणी.

सूनबाई माझ्या मागे उभी होती. तिला सगळं समजलं होतं. मला वाटलं, आता हिचा दिवस. बोलेल आता, आणि बोलायचा हक्कही होता तिला. तर ती पुढे होऊन अगदी साध्या आवाजात म्हणाली, "असेल कोणीतरी आमच्या बाजूचं. आम्ही सांगतो हं गल्लीत." आणि हलकेच माझं कोपर धरलं, चला म्हणून.

सून वाचवत होती मला. अख्ख्या आयुष्यात मला कोणी वाचवलेलं चाललेलं नाही.

"कोणीतरी नाही," मी म्हटलं. पिशवीतून गुंडाळा काढला आणि थांबलेल्या पट्ट्यावर ठेवला. "मीच. लालबाई मीच."

मग मी सांगितलं. हातगाडी, घंटा, फुटका कंदील, बटणं, दोरीवरची लाल रांग. थोडक्यात सांगायचं होतं, पण मला थोडक्यात येत नाही. बायका जेवणाचे डबे उघडे ठेवून ऐकत राहिल्या. माफी वगैरे शब्द मी काढला नाही, मला ते शब्द बोलता येत नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "हातासाठीच बांधत होते गं. आता काय केलं म्हणजे तुमचे हात वाचतील, ते सांग."

शीळवालीने त्यातली एक चिंधी उचलून ताणून बघितली. मला वाटलं आता शिवी येणार. आली असती तर मी घेतली असती.

"मावशी," ती म्हणाली, "आजवर तक्रार करायला पुष्कळ आले. हे विचारायला कोणी नाही आलं." मग सांगितलं. फुटकी काच काचेच्या डब्यात टाकूच नका. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात भरा, तोंड चेपून बंद करा आणि उरलेल्याच्या डब्यात टाका. त्या उरलेल्याच्या डब्यातलं त्यांच्या पट्ट्यावर येतच नाही, थेट भट्टीत जातं. झालं. एवढं सोपं, पण ते डब्यांवरच्या चित्रात नव्हतं, पिवळ्या कागदावरही नव्हतं.

सुट्टी संपली, भोंगा झाला. तिने हातमोजा चढवला. त्याला मनगटावर पट्टी होती, बटणाची. ते खुंटीचं बोट बटणापाशी जायचं आणि घसरायचं, जायचं आणि घसरायचं. मी पुढे झाले. तिचा हात धरला आणि बटण लावलं. दुसऱ्या हाताचंही लावलं. ती मान वर करून उभी राहिली. जवळजवळ तसेच उभे राहायचे हे.

"गाऱ्हाणं सांगा की एखादं," ती म्हणाली, "बटणं लावताना सांगायचात ना?"

"सून छळते," मी म्हटलं.

"ऐकलं मी," सूनबाई म्हणाली.

परत येताना स्कूटरवर मी गप्प होते. सूनबाईने दोनदा मान वळवून बघितलं, मागे आहे की पडली. घरी आल्यावर मी सगळे रिकामे पत्र्याचे डबे गोळा केले, आतून धुतले, कडा ठोकून बोथट केल्या आणि त्याच जुन्या टोपलीत भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या दाराची कडी वाजवली. मास्तरीणबाईंचं घर. आता तिथे एक कुरळ्या केसांची मुलगी राहते, तिला मी आजवर फक्त गाडीत बसताना बघितलेलं. तिने दार फटीएवढं उघडलं.

"काय विकता?"

"अक्कल," मी म्हटलं. "पण आज वाटतेय. दार उघड नीट, आणि चहा असला तर टाक, सांगायला वेळ लागतो."

तिने उघडलं.

सगळ्या गल्लीला आठवडा लागला. नव्या लोकांचं बोलणं पुष्कळ साठलेलं असतं, दार लावून घेतात ना, म्हणून. तिसरा पिवळा कागद आमच्या डब्यावर लागला नाही. सायकलवाला आता झाकण उघडण्याआधी माझ्या खिडकीकडे बघतो.

पडद्याचं उरलेलं कापड मी पुन्हा गादीखाली ठेवलं. सूनबाई म्हणाली, "आई, जुन्या कपड्यांची वेगळी गाडी येते महिन्याला, देऊन टाकू." मी म्हटलं, नाही. या घरातून काय बाहेर जायचं आणि काय राहायचं, हे अजून मीच ठरवते. रात्रपाळीवरून मुलगा आला तेव्हा तिनेच त्याला सांगितलं, आवाज खाली करून, पण मला ऐकू येईल इतपत: "त्या कापडाला हात लावायचा नाही कोणी. बाबांचं आहे."